लेकरू ‘भरलेलं’ आहे की वजन जास्त आहे?

सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागातल्या एका आईनं विचारलंय, ते थोडक्यात असं. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. उंची १३४ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. जन्मला तेव्हा २.४ किलोचा होता. शाळेतल्या तपासणीत ‘वजन जास्त, डॉक्टरांना दाखवा’ असा शेरा आला. मान काळी पडलीय, घासून जात नाही. सकाळ-संध्याकाळ पावडर आणि साखर घातलेलं दूध. मिस्टरांचा युनिफॉर्म शिवायचा कारखाना आहे. रात्री साडेनऊला येतात, येताना वडे, चायनीज असं काहीतरी पार्सल असतंच. सासूबाई सांगोल्याकडच्या, वय बासष्ट. त्या म्हणतात, ‘खात्यापित्या घरचं लेकरू असंच असतंय, उंचीत निघून जाईल.’ धाकटी मुलगी सहा वर्षांची, ११२ सेंटिमीटर, साडेसतरा किलो. तिला सगळे ‘काडी’ म्हणतात आणि मागे लागून भरवतात. ‘मी काही बोलले की भांडण होतं. मुलाचं डाएट सुरू करू का? थायरॉईड असेल का?’

ताई, दोन्ही मुलांची उंची-वजनं लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. तुमच्या घरातला वाद मूल ‘कसं दिसतं’ यावर चाललाय, आणि दिसण्यावरचा वाद मिटत नाही. ज्याच्या डोळ्याला जे पाहायची सवय, तेच त्याला दिसतं. म्हणून आधी आकडे मांडते.

वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागलं की बीएमआय मिळतो. तुमच्या मुलाचा ४२ भागिले १.३४, पुन्हा भागिले १.३४, म्हणजे २३.४ येतो. मोबाइलवरच्या साध्या तक्त्यात हा आकडा घातलात तर तो ‘नॉर्मल’ दाखवेल, कारण तो तक्ता मोठ्या माणसांचा असतो. मुलांचा बीएमआय वयाबरोबर खालीवर होतो, त्यामुळे तो वयाच्या आणि मुलगा-मुलगी अशा वेगवेगळ्या आलेखावरच पाहायचा असतो. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं २०१५ साली ५ ते १८ वयासाठी आपल्या मुलांवर बेतलेले आलेख काढले. त्यात वरच्या बाजूला दोन रेषा आहेत, एक जादा वजनाची आणि एक स्थूलतेची. मोठेपणी ज्यांचा बीएमआय २३ आणि २७ होईल, त्या वाटेवर कोण आहे हे त्या रेषा दाखवतात. आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून हे आकडे पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरलेत. तुमचा मुलगा दोन्ही रेषांच्या वर आहे, थोडाथोडका नाही, चांगलाच वर आहे.

आलेख हाताशी नसेल तर घरात शिंप्याची टेप असेलच. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. १३४ ची निम्मी ६७. घेर त्याच्या पुढे गेला असेल तर चरबी पोटात साठतेय, आणि त्रास देते ती हीच चरबी.

आता धाकटी. तिचा बीएमआय १४ च्या आसपास येतो. सहा वर्षांच्या मुलीसाठी तो सामान्य पट्ट्यातच आहे. अंगकाठी बारीक, पण आजारी नाही, कुपोषित नाही. म्हणजे तुमच्या घरात दोन मुलं आहेत आणि दोघांकडे पाहताना घराची एकच चूक होतेय. जे वजन जास्त आहे ते ठीक वाटतंय, आणि जे ठीक आहे ते कमी वाटतंय. हे तुमच्याच घरी होतं असं समजू नका. जगभरच्या अशा पाहण्यांचा एकत्र आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या मुलांच्या आईवडिलांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना आपल्या मुलाचं वजन जास्त आहे हे ओळखू आलं नव्हतं. माझ्या ओपीडीत पंचवीसेक वर्षं मी हेच पाहतेय. आठवीतला ऐंशी किलोचा मुलगा सर्दीसाठी येतो आणि आई म्हणते, ‘डॉक्टर, जरा भुकेचं टॉनिक पण द्या की.’ ती खोटं बोलत नसते. तिला खरंच तो अशक्त दिसत असतो.

ही नजर येते कुठून, हे समजून घेतल्याशिवाय ताटाला हात लावू नका. सासूबाई आज बासष्टच्या, म्हणजे १९७२ च्या दुष्काळात त्या तुमच्या मुलाच्याच वयाच्या होत्या, नऊ-दहा वर्षांच्या. सांगोला, मंगळवेढा हा सगळा अवर्षणाचा पट्टा. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारी माणसं, रेशनवर आलेला लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, आणि दुष्काळात वाटलेला कोरडा पौष्टिक खाऊ, सुकडी, हे त्या पिढीनं पाहिलंय आणि खाल्लंय. ज्या काळात आधी बारीक लेकरं जुलाबानं, गोवरानं जायची, तेव्हा अंगावर मांस असणं म्हणजे जगण्याची शिल्लक होती. त्या काळी ती नजर बरोबरच होती. ‘अंगानं भरलंय’ हे कौतुक त्यातून आलं, ‘सुकलंय’ ही काळजी त्यातून आली, आणि गुबगुबीत लेकराला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावणं त्यातूनच आलं. पुढे शहरोशहरी गुटगुटीत बालक स्पर्धा भरल्या आणि वजनदार बाळाच्या हातात बक्षीस दिलं गेलं. डॉक्टरांनीही त्या नजरेला खतपाणी घातलं, हे मला मान्य केलं पाहिजे.

त्यात तुमचा मुलगा जन्माला २.४ किलोचा. अशा बाळाच्या मागे घर पहिल्या दिवसापासून ‘भरून काढायच्या’ घाईनं लागतं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. पण मोजमाप केल्यावर दिसलं की आपल्या बाळांत कमी आहेत ते स्नायू. चरबी त्या मानानं टिकून आहे. दिसायला बारीक, आतून चरबीदार. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांचं वजन-उंची वर्षानुवर्षं नोंदवलं गेलं होतं. ती मुलं तिशीच्या आसपास आल्यावर तपासली, तो अभ्यास २००४ साली आला. बाळपणी बारीक असलेली आणि दोन वर्षांनंतर झपाट्यानं अंग धरलेली मुलं मोठेपणी मधुमेहात किंवा त्याच्या उंबरठ्यावर जास्त सापडली. त्यांतली बरीचशी लहानपणी कुणाला लठ्ठ वाटावीत अशीही नव्हती. म्हणून कमी वजनाच्या बाळाला पहिली दोन वर्षं आईचं दूध आणि घट्ट वरण-भात, अंडं, भाज्या असं चांगलं खायला घालायचं. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर ‘भरून काढणं’ म्हणजे नको तिथे भरणं होतं.

बाळसं हा शब्दच बाळाचा आहे. वर्षभराच्या बाळाच्या मांड्यांना वळ्या असतात. मग ते चालायला लागतं, उंची वाढते, गाल ओसरतात. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत मूल बारीक होत जातं, तसंच व्हायला हवं. त्यानंतर अंग हळूहळू पुन्हा भरू लागतं. नेमकं तीन-चार वर्षांचं असताना आजी म्हणते, ‘नजर लागली, पोरगं पार वाळलं’, आणि वाटी-चमचा घेऊन त्याच्या मागे धावणं सुरू होतं. पाच-सहाला भरायचं अंग मग चौथ्या वर्षीच भरतं. ज्यांचं असं लवकर भरतं, त्यांचं वजन पुढे जास्त राहण्याची शक्यता वाढते, हे फ्रान्समधल्या अभ्यासात १९८४ सालीच दिसलं होतं. तुमच्या मुलाचे बालवाडीतले फोटो काढून पाहा, बदल नेमका कधी झाला ते कळेल. आणि धाकटी आत्ता त्याच वळणावर उभी आहे.

मागे लागून भरवण्यानं काय होतं? मूल जन्मतः पोट भरलं की तोंड फिरवतं. दूध पिणाऱ्या बाळाला कुणी मोजून देत नाही, तरी ते थांबतं. ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ यात गंमत आहे, माया आहे. पण चिऊ-काऊ संपल्यावर आजीचा, आत्याचा, मामाचा, पोलिसाचा असे घास चालूच राहिले, समोर मोबाइल लावून तोंडात घास सरकवत राहिलो, ‘ताटात टाकलंस तर बघ’ असा दम दिला, की मूल आतला आवाज ऐकणं सोडतं. मग ते पोट पाहून थांबत नाही, ताट पाहून थांबतं. ताट तर मोठ्या माणसाच्या हातानं वाढलेलं. अन्न वाया घालवू नये हा संस्कार मला प्राणापलीकडचा आहे. त्यासाठी पहिल्यांदा कमी वाढा. अर्धी भाकरी वाढा, लागली तर तो मागेल. नको असलेला घास पोटात ढकलला तरी तो वायाच गेला.

तुम्ही डाएट विचारलंत. नऊ वर्षांच्या मुलाला डाएट नको. हे मी ठामपणे सांगते, कारण त्याचे परिणाम मी पाहिलेत. एका घरात मोठ्या मुलाला उकडलेल्या भाज्या आणि शेजारी धाकट्याला चीज घातलेला डोसा, असं दोन महिने चाललं. तिसऱ्या महिन्यात त्या मुलाच्या गादीखाली बिस्किटांचे पुडे सापडले. घरच्यांनी त्याला चोर म्हटलं. मुलाला काही गोष्टी दाखवायच्या आणि मनाई करायची, यानं त्या गोष्टींची ओढ वाढते, हे प्रयोगांतही दिसलंय. घरात बिस्किटांचा डबाच नसला तर मनाई करायची वेळ येत नाही. म्हणून बदल करायचा तो स्वयंपाकघरात, पाचही माणसांसाठी एकच. काय शिजवायचं, किती वाजता आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवावं. त्यातलं किती खायचं हे मुलानं. सुरुवातीला तो जास्तच खाईल, घाबरू नका. ‘पुन्हा मिळेल’ याची खात्री पटायला काही आठवडे जातात.

वजन कमीही करायचं नाहीये. वाढत्या वयाचा हा मोठा फायदा आहे. वर्षाला साडेपाच सेंटिमीटरच्या हिशेबानं दोन वर्षांनी त्याची उंची १४५ च्या आसपास होईल. तेव्हा वजन ४२ च राहिलं असेल तर बीएमआय २० वर येतो. अकरा वर्षांच्या मुलाच्या आलेखावर तो स्थूलतेच्या रेषेखाली उतरलेला असेल, एक किलोही न घटवता. पूर्ण थांबवणं जमलं नाही आणि दोन वर्षांत दोन-तीन किलो वाढलं तरी पुष्कळ साधलं. सासूबाईंचं ‘उंचीत निघून जाईल’ हे म्हणणं या अर्थानं अर्धं खरं आहे. उंची आपलं काम करेलच; तेवढा वेळ वजनानं थांबायला हवं. आज तसं होत नाहीये.

मग सुरुवात कुठून? दुधापासून करा. पावडरच्या डब्यावर ‘अ‍ॅडेड शुगर’ची ओळ वाचा. शंभर ग्रॅममागे तीसच्या आसपासचे आकडे सर्रास सापडतात. दोन चमचे पावडर आणि वर चमचाभर साखर, असे दोन पेले झाले की दिवसाला वीस-बावीस ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, शक्यतो पाच टक्क्यांच्या आत ठेवा. या वयाच्या मुलासाठी पाच टक्के म्हणजे साधारण चार-पाच चमचे. तेवढी साखर दुधातच संपली. बिस्किटं, केचप, वाढदिवसाचा केक अजून बाकीच आहेत. ही पावडर पौष्टिक म्हणून विकली जाते, पण २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटात दाखवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा गटच नाही. पावडर एका झटक्यात बंद करू नका. दोन चमच्यांचा दीड, मग एक, मग अर्धा, असं महिनाभरात उतरवा. मुलांची जीभ बदलते, आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी लवकर.

दुसरी गोष्ट तेल. माणशी महिन्याला अर्धा लिटर हे ढोबळ माप. तुम्ही पाच जण, अडीच लिटर. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर घरातला प्रत्येक जण दुप्पट तेल खातोय, धाकटीसुद्धा.

आपल्या सोलापूरच्या जेवणाबद्दल मला खास सांगायचंय, कारण वजनाचं नाव निघालं की लोक ओट्स आणि परदेशी बियांच्या मागे लागतात. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, पालेभाजी, काकडी-कांदा, ताक हे ताट सोडून काही शोधायची गरज नाही. आपल्याकडची कडक भाकरी तर चावल्याशिवाय गिळताच येत नाही. जेवण लांबतं आणि पोट भरल्याची जाणीव व्हायला जी पंधरा-वीस मिनिटं लागतात ती मिळतात. मऊ पाव, नूडल्स, बिस्किटं तीन मिनिटांत आत जातात, शरीराला कळायच्या आधी. शेंगाचटणी बंद करू नका. शेंगदाण्यात तेल आहे, पण प्रथिनंही आहेत. चमचाभर चटणी ताटात हवीच. चटणीवर आणखी तेल ओतू नका, एवढंच. डाळिंबाचा जिल्हा आपला, पेरू, बोरं रस्त्यावर मिळतात. फळ चावून खायचं, रस काढायचा नाही. गड्ड्याच्या यात्रेत जे खाल ते मजेनं खा. जानेवारीतले ते दोन-तीन दिवस वजन वाढवत नाहीत. वजन वाढवतो तो रोजचा संध्याकाळचा पुडा.

आता मिस्टरांचं पार्सल. या गोष्टीवर तुम्ही भांडण काढू नका. दिवसभर कारखान्यात राबून माणूस साडेनऊला घरी येतो, मुलाला भेटायला त्याच्याकडे अर्धा तास असतो. पिशवीचा आवाज आला की मुलगा धावत येतो, ते धावत येणं त्यांना हवं असतं. पिशवी बंद करा म्हटलं तर त्यांना ‘मुलाला माझ्यापासून तोडू नका’ असं ऐकू येणार. त्यांना दुसरं काहीतरी द्यायला हवं, तितकंच हक्काचं. माझ्याकडे येणाऱ्या एका वडिलांनी रविवारी सकाळी सहाला मुलाला सायकलवर कंबर तलावाकडे न्यायला सुरुवात केली, तिथे पक्षी बघायचे आणि परत यायचं. आठवड्यातले दोन दिवस ते कारखान्यातून सातला निघू लागले. पार्सल आठवड्यात एक दिवसावर आलं आणि त्या दिवसाची मजा उलट वाढली. जेवणाची वेळही त्यातच सुटते. बाबांची वाट पाहत दहाला जेवायचं आणि साडेअकराला झोपायचं, सकाळी सहाला शाळेसाठी उठायचं, हे गणित चुकतं. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. कमी झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी जास्त खातं आणि कमी हलतं. मुलांना आठला जेवू द्या. बाबा जेवताना शेजारी बसून त्यांनी ताकाचा पेला प्यावा, शाळेतलं सांगावं.

खेळ रोज साठ मिनिटं, एका दमात नसला तरी चालेल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ऊन बेचाळीसच्या वर जातं, दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही हे मला माहीत आहे. त्या महिन्यांत सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. त्याला मैदानावर ‘वजन उतरवायला’ पाठवू नका, खेळायला पाठवा. जाड मुलाला संघात शेवटी घेतात, गोलकीपर करतात, म्हणून तो जायचं टाळतो. पोहणं, सायकल, कुस्तीची तालीम यांत त्याचं अंग त्याच्या आड येत नाही. तालमीत तर कामीच येतं.

मानेचा काळेपणा. बेसन, लिंबू, घासणी सगळं करून झालं असेल. ते थांबवा, लेकराची कातडी सोलून निघेल. तो मळ नाही. शरीरात इन्सुलिन वाढलेलं असतं, त्यामुळे मानेवर, काखेत कातडी जाड आणि काळी, मखमलीसारखी होते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालंय, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतंय, याची ती खूण आहे. वजन थांबलं की काही महिन्यांत ती फिकट होऊ लागते. घरात कुणाला मधुमेह असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

थायरॉईडची भीती जवळजवळ प्रत्येक आईला असते. ओळखायची सोपी खूण उंची आहे. थायरॉईड किंवा दुसऱ्या ग्रंथीच्या आजारानं वजन वाढतं तेव्हा उंची खुंटते. तुमच्या मुलाची उंची वयाला साजेशी आहे, वाढतेही आहे, त्यामुळे तो आजार असण्याची शक्यता फार कमी. मान काळी आहे म्हणून उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), यकृतासाठी एसजीपीटी आणि चरबीची तपासणी मात्र करून घ्या. रक्तदाब मुलांच्या पट्ट्यानं मोजायला सांगा, मोठ्यांच्या पट्ट्यानं तो चुकीचा येतो. मूल मोठ्यानं घोरत असेल आणि मध्येच श्वास अडकत असेल, सारखी तहान आणि लघवी लागत असेल, किंवा गुडघा-जांघ दुखून लंगडत असेल, तर मात्र वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा. जाहिरातीतल्या वजन घटवायच्या पावडरी, काढे, पट्टे यांपैकी काहीही मुलाला देऊ नका.

शेवटची गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. धाकटीला ‘काडी’ म्हणतात असं तुम्ही लिहिलंत. मुलाला काय म्हणतात ते लिहिलं नाहीत. काहीतरी म्हणत असणारच. ढब्बू, जाड्या, पैलवान. आज प्रेमानं म्हटलं जातं. पण आपल्या घरांमध्ये एक विचित्र गोष्ट होते: दहा-अकरापर्यंत ज्या अंगाचं कौतुक, त्याच अंगाची नंतर थट्टा. मुलींच्या बाबतीत तर हे रातोरात होतं. पाळी आली की कालपर्यंत ‘खा गं बाई’ म्हणणारी आत्याच म्हणते, ‘आवर आता, कोण करून घेईल?’ त्या मुलीनं काहीच बदललेलं नसतं. सातवीतली एक मुलगी माझ्याकडे चक्कर येते म्हणून आणली होती. ती डबा शाळेच्या मागे कुत्र्याला घालत होती, तीन महिने. घरात कुणालाच पत्ता नव्हता, उलट ‘बारीक झाली, छान दिसते’ म्हणून कौतुक चाललं होतं. म्हणून आजपासून घरात कुणाच्याही अंगाबद्दल बोलणं बंद, कौतुकाचंही आणि थट्टेचंही. स्वतःच्याही. आई आरशासमोर ‘केवढी सुटलेय मी’ म्हणते, ते मुलं ऐकत असतात. वजनाचा काटा रोज काढू नका. महिन्यातून एकदा पुरे, आणि आकडा मुलासमोर वाचून दाखवायची गरज नाही. त्याला सांगायचं ते एवढंच: दम लागू नये, तुला जोरात पळता यावं, म्हणून आपण सगळेच थोडं बदलतोय.

आणि सासूबाई. त्यांना हरवायचा विचार मनातून काढा, त्यांच्याशिवाय हे होणार नाही. एखाद्या संध्याकाळी मुलांना शेजारी बसवून त्यांना विचारा, ‘तुम्ही नऊ वर्षांच्या असताना काय खायचा?’ त्या सांगतील. मिलोची भाकरी, सुकडी, विहिरीवरून आणलेलं पाणी, पुढे बरे दिवस आल्यावरचा हुरडा, ताक. मुलं ऐकतील. त्यांच्या मायेला जागा हवी आहे, ती कडक भाकरीत आहे. तुमच्या घरात ती त्यांच्याइतकी कुणाला जमत नसणार. मुलाला संध्याकाळचं खाणं त्यांच्या हातचं असू दे, पुड्यातलं नको. सर्वांत मोठं काम त्यांच्याकडे एकच द्या. ‘अजून एक घास आजीसाठी’ हे मुलानं आजवर ज्या तोंडून ऐकलं, त्याच तोंडून त्यानं ‘पोट भरलं का बाळा? मग ऊठ’ हे ऐकायला हवं. आई म्हणाली तर ती मनाई वाटते. आजी म्हणाली की परवानगी मिळते, आणि थांबायला त्याला परवानगीच हवी आहे.

डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर न्या. आलेख त्यांच्या हातात द्यायला सांगा, मुलाचा ठिपका कुठे आहे ते डॉक्टरांनीच दाखवू दे. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी दाखवलेलं यात फरक पडतो. पुढची उंची-वजनं बरोबर तीन महिन्यांनी, त्याच काट्यावर, बूट काढून. धाकटीचीही घ्या. तिचं ताट मात्र तीन महिने थांबू शकत नाही. उद्या सकाळपासून ते तिच्याच हातात द्या, कमी वाढा, आणि ती उठली की उठू द्या.